तपासून आलेला कागद: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की कॉलेजात पोरांचं लिखाण कसं तपासलं जातं, त्यावर कसा शेरा मिळतो, याबद्दल काही अडलं असेल तर विचारा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर लांबच लांब मेसेज आले. साधारण निम्मे शिक्षकांचे आणि निम्मे विद्यार्थ्यांचे. शिक्षक म्हणतात आम्ही एवढं लिहितो पण पोरं वाचत नाहीत, आणि पोरं म्हणतात सर काही लिहितच नाहीत. दोघंही खरं बोलतायत असं मला वाटतं. मी स्वतः तीस वर्षं मराठी आणि भाषाकौशल्यं शिकवली, गठ्ठे तपासले, कॅपला (विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रात) बसले, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. सगळ्या प्रश्नांना जागा पुरणार नाही म्हणून सहा निवडलेत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) समाजशास्त्र शिकवते. एस.वाय.च्या ११८ असाइनमेंट टेबलावर पडल्यात आणि इंटर्नलचे मार्क सोमवारपर्यंत भरायचेत. प्रत्येकीवर काहीतरी कामाचं लिहावं असं मनापासून वाटतं पण वेळच नसतो, मग 'ठीक', 'वरवरचे', 'मुद्देसूद लिहा' असं लिहून मार्क टाकते आणि स्वतःचीच लाज वाटते. काय करू?
— एक प्राध्यापिका, लातूर जिल्हा

उत्तर: लाज आधी बाजूला ठेवा ताई, कारण हा हिशोबच तसा आहे. एका असाइनमेंटला १२ मिनिटं धरली तरी ११८ ला साडेतेवीस तास होतात, आणि सीएचबीला तासाचे पैसे मिळतात, तपासायचे कुणी देत नाही. तेव्हा मी तुम्हाला जास्त वेळ द्या असं सांगणारच नाहीये. तोच वेळ दुसऱ्या ठिकाणी खर्च करा एवढंच सांगते.

आपल्याकडे होतं काय की शेरा येतो तेव्हा काम संपलेलं असतं. असाइनमेंट दिली, तपासली, मार्क चढले, परत मिळाली, आता त्या शेऱ्याचं पोरगं करणार काय? पुढचा विषय वेगळा, पुढचं सेमिस्टर वेगळं, शिक्षकही बहुतेक वेगळे. ते मार्क बघतं, शेजारच्याला किती पडले ते बघतं आणि कागद सॅकमध्ये कोंबतं. यात त्याचा दोष नाही हो, आपण त्याला सुधारायला जागाच ठेवलेली नसते. १९८८ साली रूथ बटलर या संशोधिकेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा. काहींना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, आणि दोन्ही मिळालेली मात्र फक्त मार्कवाल्यांपेक्षा काही पुढे गेली नाहीत, म्हणजे मार्क शेजारी दिसला की शेरा वाचलाच जात नाही असं म्हणायला हरकत नाही. ती मुलं लहान होती, आपली वीस वर्षांची आहेत, पण मार्क बघितल्यावर डोळे कुठे जातात ते तुम्हीही वर्गात बघितलं असेलच.

म्हणून पुढच्या वेळी असं करा. असाइनमेंट पूर्ण मागायच्या दहा-बारा दिवस आधी फक्त पहिलं दीड पान मागा, कच्चं, खाडाखोड असलेलं चालेल असं स्पष्ट सांगून. ते दीड पान वाचायला तीन मिनिटं आणि एक सूचना लिहायला एक मिनिट. एकच सूचना, तीन नाही, कारण तीन लिहिल्या की पोरं त्यातली सगळ्यात सोपी म्हणजे शुद्धलेखनाचीच तेवढी करून टाकतात. चार मिनिटांच्या हिशोबाने ११८ ला आठ तासही लागत नाहीत. मग पूर्ण असाइनमेंट आली की तिच्यावर शेरा लिहायचाच नाही, फक्त मार्क द्यायचे आणि सुधारणा झाली की नाही एवढं बघायचं. ज्याला बोलायचंय त्याने स्टाफरूममध्ये येऊन बोलावं.

आता ती एक सूचना कशी असावी, कारण खरी मेख इथे आहे. समजा विषय आहे आपल्या गावातली पाणीटंचाई, आणि मुलीने लिहिलंय: 'आजच्या आधुनिक युगात पाणी ही काळाची गरज आहे. पाणीटंचाई ही एक गंभीर समस्या बनली आहे. शासनाने यावर ठोस उपाययोजना करणे गरजेचे आहे. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा माझी आई शेतातले काम सोडून थांबते.' यावर 'वरवरचे' लिहिलं तर ते चूक नाही, पहिली तीन वाक्यं वरवरचीच आहेत, कुठल्याही गाईडमधून उचलावी तशी. पण चौथ्या वाक्यात सोनं पडलंय आणि ते तिला स्वतःला दिसलेलं नाही! तिला वाटतंय की अभ्यासाचं लिखाण म्हणजे ती पहिली तीन वाक्यं, आणि आईचं सहज राहून गेलं. तिथे बाण काढून लिहा: 'पहिली तीन वाक्यं काढून टाक, इथून सुरू कर. टँकर किती दिवसांनी येतो, कुठे थांबायचं हे कोण ठरवतं, त्या दिवशीची आईची मजुरी बुडते का, एवढं विचारून ये आणि लिही.' बघा, यात शाबासकीही आली आणि पुढचं कामही आलं. आणि तिचा समाजशास्त्राचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होतो.

स्वतःचा शेरा तपासायची एक सोपी युक्ती सांगते. तुम्ही लिहिलेला शेरा उचलून दुसऱ्या कुठल्याही पोराच्या कागदावर ठेवा. तिथेही बसत असेल तर तो शेरा या पोरासाठी लिहिलेलाच नाही. १९८२ साली अमेरिकेत नॅन्सी सॉमर्स यांनी दोन विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांचे शेरे तपासले तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं की बरेचसे शेरे रबरी शिक्क्यासारखे आहेत, याच्या कागदावरून काढून त्याच्या कागदावर लावले तरी काही फरक पडत नाही. चाळीस वर्षांपूर्वी, तिकडच्या एवढ्या सोयीच्या विद्यापीठांत हे होतं, म्हणजे तुमच्या एकटीचा हा दोष नाही हे तरी पटेल.

आणि जी चूक साठ-सत्तर जणांनी केलीय ती साठ वेळा लिहू नका. एका कागदावर चार-पाच सामाईक गोष्टी लिहा, पोरांच्याच लिखाणातली वाक्यं घ्या पण नावं घेऊ नका, वर्गात वाचा आणि ग्रुपवर टाका. सोमवारच्या गठ्ठ्यासाठी तर हाच एक मार्ग आहे, मार्क भरा आणि हा कागद काढा. काही शिक्षक दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात, तेही चांगलं आहे, बोलताना आपण लिहिण्यापेक्षा मायेने बोलतो.

प्रश्न: मॅडम, मी बारावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकले, आता पुण्यात इंग्लिश मीडियममधून एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्ट रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट परत आला तर एकही ओळ लाल खुणेशिवाय नव्हती. शेवटी लिहिलं होतं 'लँग्वेज व्हेरी पुअर'. एक्स्पेरिमेंट बरोबर आला होता, रीडिंग बरोबर होती, त्याबद्दल एक शब्द नाही. दोन दिवस लॅबमध्ये गेले नाही. माझं काही होऊ शकतं का?
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव बीड जिल्हा

उत्तर: होऊ शकतं, नक्की होऊ शकतं, आणि उद्या आधी लॅबमध्ये जा.

मग तो ड्राफ्ट पुन्हा काढ आणि लाल खुणा मोजण्याऐवजी त्यांचे प्रकार कर. मला खात्री आहे की शंभर चुका नसतील, पाच-सहा असतील आणि त्याच पुन्हा पुन्हा आल्या असतील. कारण मराठीतून इंग्रजीत येताना आपण ज्या चुका करतो त्या उगाच होत नाहीत, त्यांना आपलं असं व्याकरण असतं. आपल्याकडे 'मी त्याला भेटले' असतं म्हणून आपण 'आय मेट टू हिम' लिहितो. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं. 'मला माहीत आहे' यात 'आहे' येतं, म्हणून 'आय ॲम नोइंग'. आणि 'ए' आणि 'द' तर आपल्या भाषेत नाहीतच, मग ते कुठे लावायचे आणि कुठे नाही हे कानाला कळणार कसं? ते वेगळं शिकावंच लागतं. यातली एकही चूक तुझ्या बुद्धीबद्दल काही सांगत नाही.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शाळा पास झालेल्या शहरातल्या सगळ्या मुलांना प्रवेश खुला केला आणि गरीब वस्त्यांतली, घरात दुसरी भाषा बोलणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली हजारो मुलं वर्गात येऊन बसली. त्यांचं लिखाण बघून बऱ्याच प्राध्यापकांनी हात टेकले की ही पोरं शिकण्याच्या पलीकडची आहेत. तिथल्याच सिटी कॉलेजमध्ये मीना शॉनेसी नावाच्या बाई होत्या, त्यांनी अशा मुलांचे सुमारे ४००० निबंध घेतले आणि चुका मोजायच्या ऐवजी चूक का झाली असेल हे शोधायला बसल्या. त्यांना दिसलं की बहुतेक चुकांमागे विचार आहे, मूल एक नियम लावतंय, फक्त तो नियम चुकीच्या ठिकाणी लागतोय. आपल्या राज्यातल्या वर्गांत आज काय वेगळं आहे सांग? घरातली पहिली पदवी घेणारी किती मुलं आपल्यासमोर बसलेली असतात!

तू आता एवढंच कर. चुकांचे ते पाच-सहा प्रकार एका वहीत लिही, प्रत्येकाखाली तुझ्याच रिपोर्टमधली दोन वाक्यं चुकीची आणि बरोबर अशी दोन्ही लिही, आणि पुढचा ड्राफ्ट देण्याआधी एका वेळी एकच प्रकार शोधत पूर्ण वाच, पहिल्या फेरीत फक्त 'ए' आणि 'द', दुसऱ्या फेरीत फक्त क्रियापदं. कंटाळवाणं आहे पण एका सेमिस्टरमध्ये फरक दिसतो. आणि सरांना जाऊन विचार, 'सर, भाषा मी सुधारतेय, पण रिझल्टचं अनालिसिस बरोबर आहे का तेवढं सांगाल का?' भाषा आणि विषय वेगळे करून विचारलं की उत्तरही वेगळं मिळतं.

हे वाचणाऱ्या शिक्षकांनाही एक सांगायचंय. प्रत्येक चूक स्वतः दुरुस्त करून देऊ नका. रिचर्ड हॅसवेल नावाच्या प्राध्यापकांनी १९८३ साली एक पद्धत मांडली, ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक टिक करायची, चूक कुठली ते सांगायचं नाही. मुलं स्वतः शोधतात. त्यांच्या वर्गात मुलांनी ६० टक्क्यांहून जास्त चुका अशा आपल्या आपण दुरुस्त केल्या, म्हणजे त्यांना येत होतं, लक्ष गेलं नव्हतं. शिक्षकाचाही वेळ वाचतो, कागदही रक्तबंबाळ दिसत नाही, आणि ज्या चुका उरतात तेवढ्याच खऱ्या शिकवायच्या असतात. शिवाय एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना पत्र लिहून सुचवलंय की कोर्स इंग्रजी माध्यमाचा असला तरी परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. सगळीकडे ते सुरू झालंय असं नाही, पण तुमच्या विभागात हा विषय काढायला काय हरकत आहे?

प्रश्न: सेमिस्टरला एका पेपरमध्ये ४१ पडले, रिव्हॅल्युएशनला टाकला तर ५८ झाले. आनंद झाला पण आता कशावरच विश्वास बसत नाहीये. एकच उत्तरपत्रिका, मग १७ मार्कांचा फरक कसा?
— बी.ए.चा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: तुझा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. दीर्घोत्तरी लिखाण दोन माणसांनी वाचलं की दोन मार्क पडतात हे अनेकदा तपासून झालंय. त्यातला सगळ्यात बोलका प्रयोग १९६१ सालचा, अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध, वाचणारे ५३, त्यात शिक्षक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, कंपन्यांतले अधिकारी होते. त्यांना सांगितलं की निबंधांचे चांगल्या-वाईटाप्रमाणे नऊ गट करा, काय बघायचं ते मात्र मुद्दामच सांगितलं नाही. निकाल असा की ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळे दर्जे मिळाले. पाचपेक्षा कमी वेगळे दर्जे मिळालेला एकही निबंध नव्हता! मग त्यांनी शोधलं की असं का, तर कुणी विचार बघत होतं, कुणी फक्त व्याकरणाच्या चुका, कुणी मांडणी, कुणी शब्दांची निवड, कुणी लिहिणाऱ्याची शैली. म्हणजे कुणी आळशी किंवा दुष्ट नव्हतं, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत होता.

यावर उपाय आहे आणि तो माहीतही आहे. तपासायला बसण्याआधी सगळ्यांनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासायच्या, मार्क फळ्यावर लिहायचे आणि फरक का पडला यावर तासभर बोलायचं. मुद्द्यांना किती, उदाहरणाला किती, मांडणीला किती हे लिहून ठरवायचं. मी अशा बैठकांना बसलेय आणि ज्या वर्षी ती नीट झाली त्या वर्षी मॉडरेशनला (तपासलेल्या पेपरांच्या पडताळणीला) कमी त्रास झाला हे मी स्वतः बघितलंय. पण बऱ्याचदा होतं काय की कॅपला घाई असते, मॉडेल आन्सरचा कागद हातात येतो आणि लगेच गठ्ठे सुटतात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावायची अपेक्षा आहे. ती योग्यच आहे, पोरांचे पुढचे प्रवेश अडकतात, पण त्या दिवसांतून हा एक तास काढायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

तू आता पुढे एक कर. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळते ती फक्त मार्क वाढवायला मागवू नकोस, वाचायला मागव. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क माहिती अधिकाराच्या कायद्यात बसतो असा निकाल सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात दिलाय. अर्जाची मुदत थोडी असते, ती चुकवू नकोस. आणि कॉपी घेऊन तो विषय शिकवणाऱ्या शिक्षकांकडे जा, 'मार्क का कमी' असं नको विचारू, 'हे उत्तर तुम्ही कसं लिहिलं असतं' असं विचार.

प्रश्न: एका मुलाने टर्म पेपर दिला, इतका गुळगुळीत की हा त्याचा असूच शकत नाही असं वाटलं. एका वेबसाइटवर टाकला तर ८७ टक्के एआयने लिहिल्याचं दाखवलं. मी शून्य देणार आहे. बरोबर ना?
— एक प्राध्यापक, नाशिक

उत्तर: सर, थांबा. शून्य देऊ नका, अजून तरी.

तो आकडा पुरावा नाहीये. चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयनेच असं ओळखणारं एक टूल आणलं होतं आणि जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, टोफेल परीक्षेतले ९१ निबंध घेऊन, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले. डिटेक्टरांनी सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे ठरवले, आणि अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण काय, तर परकी भाषा लिहिणारा माणूस साधे, ठराविक शब्द वापरतो आणि यंत्राला तेच यंत्रासारखं वाटतं. आता विचार करा की आपल्या वर्गात इंग्रजीतून पेपर लिहिणारी पोरं कोण आहेत.

तुमचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही, तुम्ही त्या मुलाला ओळखता, मी नाही. पण त्याला बोलवा, पेपर समोर ठेवा आणि आरोप न करता पंधरा मिनिटं बोला: 'हा मुद्दा तुला कुठे सापडला? हा शब्द तू का वापरलास? हे पान लिहिताना आधी काय लिहिलं होतंस ते दाखव.' ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो, कधी कधी वहीची खरडलेली पानं आणून दाखवतो. नाही लिहिलं तर पाच मिनिटांत दोघांनाही कळतं, आणि मग त्याला तोच पेपर कॉलेजात बसून पुन्हा लिहायला सांगा. त्याने कबूल केलं तर ते बोलणं त्याच्या पुढच्या सगळ्या पेपरांना उपयोगी पडेल.

दुसरं असं की सिमिलॅरिटी रिपोर्ट आणि हे डिटेक्टर यांची गल्लत करू नका. सिमिलॅरिटी म्हणजे दुसरीकडे छापलेला मजकूर जुळतोय, तिथे निदान मूळ मजकूर उघडून बघता येतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत, आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची वगैरे त्यातून वगळलेलं आहे. नुसता आकडा बघून तिथेही निर्णय होत नाही, रिपोर्ट उघडून काय जुळलंय ते वाचावंच लागतं.

आणि विषय असे द्या की जे बाहेर कुठे तयार मिळत नाहीत. 'जागतिकीकरणाचे परिणाम' हा विषय दिला तर पूर्वी गाईडमधून यायचा, आता मोबाइलमधून येतो. 'तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराशी बोलून गेल्या पाच वर्षांत काय बदललं ते लिहा' असं दिलं तर निदान त्या दुकानापर्यंत तरी जावं लागतं.

प्रश्न: पीएच.डी.चा दुसरा चॅप्टर गाईडकडे सात महिने होता. परत आला तेव्हा पहिल्या पानावर फक्त 'रीराइट'. काय रीराइट करू ते विचारायची हिंमत होत नाही.
— एक संशोधक विद्यार्थी, विदर्भ

उत्तर: सात महिने फार झाले, आणि एका शब्दासाठी तर फारच. तुमचं वाईट वाटणं योग्य आहे.

हिंमत होत नसेल तर कागद हातात घेऊन जा. पूर्ण चॅप्टर पुन्हा देऊ नका, एक पानाची चिठ्ठी करा. या चॅप्टरमध्ये मला काय सिद्ध करायचंय ते तीन ओळींत, माझ्या मते कुठला भाग जमलाय, कुठे अडलंय, आणि दोनच प्रश्न ज्यांचं उत्तर एका वाक्यात देता येईल, जसं की 'पूर्वसंशोधनाचा भाग लांबलाय का, की त्याचा क्रम चुकलाय?' ज्यांना पन्नास पानं वाचायला वेळ नाही ते एक पान उभ्या उभ्या वाचतात आणि बोलायला लागतात. बोलून आलात की त्याच संध्याकाळी 'सर, आज आपलं असं ठरलं' असा नम्र मेल टाका, म्हणजे पुढच्या वेळी दोघांच्याही लक्षात राहतं. आणि पुढचा भाग पन्नास पानांचा न देता दहा पानांचा द्या.

तेही जमलं नाही तर रिसर्च ॲडव्हायझरी कमिटी आहे. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार दर सेमिस्टरला तुम्ही तिच्यापुढे प्रगती मांडायची असते आणि पुढचं मार्गदर्शन घ्यायचं असतं. तिथे तक्रार म्हणून नाही, कामाचा भाग म्हणून सांगा की दुसरा चॅप्टर अमुक तारखेला दिला, सूचना एवढी मिळाली, मला या दोन ठिकाणी मदत हवी आहे. तारखा लिहून ठेवा.

प्रश्न: ज्या मुलांचं लिखाण मुळातच चांगलं असतं त्यांना काय लिहायचं? मी 'उत्तम' लिहून सोडून देतो.
— एक शिक्षक, रत्नागिरी

उत्तर: चांगल्या मुलांवर आपल्याकडे सगळ्यात कमी लिहिलं जातं, तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. 'उत्तम' लिहिलं की त्याला आनंद होतो पण काय उत्तम झालं ते कळत नाही, मग पुढच्या वेळी ते पुन्हा कसं आणायचं? वाक्याखाली रेघ मारा आणि नेमकं सांगा: 'इथे तू आधी स्वतःच्या विरुद्ध बाजू मांडलीस आणि मग उत्तर दिलंस, म्हणून मला पटलं.' आणि त्याला थोडं अवघड असं काहीतरी द्या, एखादा प्रश्न, एखादं पुस्तक, एखादा माणूस ज्याच्याशी जाऊन बोलावं. माझ्या एका विद्यार्थ्याने कोळ्यांच्या बोलीवर सहा पानं फार सुंदर लिहिली होती, मी शेवटी लिहिलं होतं 'यातले मासळीचे शब्द वेगळे काढ, तुझ्या आजीला विचारून त्यांची यादी कर.' तो सुट्टीनंतर आला तो दोनशे पानी वही घेऊन, अर्धी भरलेली.

पुढच्या अंकासाठी प्रश्न याच पत्त्यावर पाठवा. व्हायवा आणि तोंडी परीक्षेबद्दल बरेच प्रश्न आलेत, ते पुढच्या वेळी घेऊ.